पाऊण तासाचा तास

जिलानीभाईंना राग आला की त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडं जायचा. खिशात शिसपेन्सिल असे. दुसरा माणूस रागावला की शिवी देतो, जिलानीभाई वेळ लिहून ठेवत. त्यामुळं त्यांच्याशी भांडणाऱ्याची मोठी पंचाईत व्हायची. शिवीला शिवी देता येते. ‘चार वाजून दहा मिनिटांनी व्यंकटी नाही म्हणाला’ याला उत्तर काय द्यायचं?

आणि राग त्यांना रोजच यायचा. लातूरच्या क्लासांच्या गल्लीत, शिवमूर्ती सरांच्या इमारतीमागं, त्यांचं जनरेटर उभं असे. ते त्याला इंजिनच म्हणत. मुखेडला त्यांचे अब्बा शेतकऱ्यांची तेलावरची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि त्या घरात धूर सोडून चालणारी प्रत्येक वस्तू इंजिनच होती. हंगामात अब्बांकडं माणसं रांग लावत. एकदा एक शेतकरी आला नि म्हणाला, “मिस्त्री, चार तास झाले अन् बसलं बगा.” चार तास चालून इंजिन तापलं असेल म्हणून अब्बांनी सगळं उघडून ठेवलं. दुपारी कळलं की इंजिन सुरू होऊन विडी ओढण्याइतकाही वेळ झाला नव्हता. चार तास म्हणजे पिकाच्या चार ओळी भिजल्या होत्या. दोष साधा होता, नळीत कचरा अडकला होता. अब्बांनी कपाळ बडवून घेतलं आणि पोराला म्हणाले, “आधी तास कोणता ते विचारायचं. मग पाना उचलायचा.”

शाळेत तिसराच तास होता. तो घंटेनं सुरू व्हायचा आणि घंटेनं संपायचा, त्याचा घड्याळाशी संबंध फक्त शिपायापुरता. जिलानीभाई आठवीनंतर शाळेत गेले नाहीत, पण हा घोळ त्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसला. एक शब्द, तीन मापं. यातून लबाडी निघाली नसती तरच नवल, असं ते म्हणत.

भूकंप झाला तेव्हा त्यांना कुणी भाई म्हणत नव्हतं. ते नुकतेच लातूरला आले होते, आणि ईश्वरप्पा नावाच्या मांडववाल्याच्या हाताखाली स्वतःचं एक इंजिन लावत. गणपतीचं विसर्जन झालं होतं. दिव्यांच्या माळा, हॅलोजन, वायरीची भेंडोळी अजून गाड्यावरच होती. पहाटे जमीन हलली, आणि संध्याकाळपर्यंत तोच गाडा किल्लारीच्या बाजूला एका गावी जाऊन पोचला. गाव म्हणायला काही राहिलं नव्हतं. आदल्या रात्री ज्या दिव्यांखाली पोरं लेझीम खेळली, त्याच दिव्यांखाली जवान दगड उचलत होते. माळांतले रंगीत बल्ब काढायला वेळ मिळाला नाही. लाल, हिरव्या उजेडात काय काय बाहेर निघालं ते जिलानीभाईंनी पुढं कुणाला सांगितलं नाही.

एक म्हातारी त्यांच्या दिव्यापाशी येऊन बसायची. साखराबाई. तिच्या घरातलं कुणी उरलं होतं की नाही हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. जवान थकून गेले की ते इंजिन बंद करायला उठत, तेव्हा ती म्हणायची, “इजवू नको बाबा. अंधारात माती हालल्यावानी वाटती.” मग ते बसून राहत. इंजिन चालत राही. उजाडल्यावर ते सिगारेटच्या पाकिटावर लिहीत : इतक्यापासून इतक्यापर्यंत कामासाठी. आणि खाली, वेगळं : इतक्यापासून इतक्यापर्यंत साखराबाईसाठी, पैसे नाहीत.

का लिहीत होते? पैसे घ्यायचे नव्हते तर लिहायचं कशाला? हा प्रश्न त्यांना ईश्वरप्पानंही विचारला. ईश्वरप्पानं सरकारला द्यायच्या बिलात सगळ्या इंजिनांचे रोजचे चोवीस तास लावले होते.

“चोवीस तास इंजिन चालत नसतं मालक,” जिलानीभाई म्हणाले. “थंड करावं लागतं, तेल बघावं लागतं.”

“लिहायला काय जातंय? गावंच्या गावं गेली, तुझं तेल कोण बघून राहिलंय?”

जिलानीभाईंनी आपल्या इंजिनाचा कागद वेगळा दिला. तो वरच्या टेबलावर गेला. तिथल्या साहेबाला सगळे फुगवून लिहितात हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं सरसकट सगळ्यांचं निम्मं कापलं. चोवीसाचं निम्मं घेऊन ईश्वरप्पा खुशीत घरी गेला. खऱ्याचं निम्मं हातात घेऊन जिलानीभाई टेबलासमोर उभे राहिले.

साहेब दमलेला होता. त्याच्या बुटांना त्याच गावांची माती होती. तो ओरडला नाही. म्हणाला, “तुम्ही खरं लिहिलंय हे मला कसं कळावं? कुणाची सही आहे का?”

जिलानीभाईंना ईश्वरप्पाचा राग आलाच होता. त्याहून मोठा राग या गोष्टीचा आला की साहेबाचं म्हणणं बरोबर होतं. खरं लिहिणं हे निम्मंच काम. समोरच्याला ते खरं आहे हे दिसावं लागतं, नाहीतर आपण आणि ईश्वरप्पा एकाच दावणीला. ते परत निघाले तेव्हा त्यांच्या डोक्यात हा एवढाच काटा होता, आणि तो पुढं कधी निघाला नाही. घर करून राहिला.

पुढच्या दहा-बारा वर्षांत लातूर ओळखू येईनासं झालं. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं येऊ लागली. ज्याच्या घरी जादा खोली त्यानं खाटा टाकल्या, ज्याला फळ्यावर दोन समीकरणं नीट लिहिता येत त्यानं क्लास काढला. शिवमूर्ती सरांनी पत्र्याच्या शेडमध्ये रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात केली होती. आता तीन मजले होते. आणि बरोबर याच काळात वीज रोज जायला लागली. दुपारभर जायची, संध्याकाळी येऊन तोंड दाखवून परत जायची. पत्र्याखालच्या वरच्या हॉलमध्ये पंखे थांबले की पोरं अक्षरशः भाजत. जिलानीभाईंना तासाच्या दरानं ठेवलं गेलं.

बिलं घ्यायला खिडकीत व्यंकटी बसायचा. माणूस हसरा, तोंडात कायम पान, हातात लाल पेन. तिथं एक रिवाज होता. टँकरवाला, माइकवाला, रंगारी, जो कुणी तासावर काम करे तो सव्वापट लिहायचा. सव्वा शुभ असतं, सव्वा रुपया देवाला ठेवतात, तसं हेही. व्यंकटी त्यातलं पाव कापायचा. पाव कापल्यावर खऱ्याहूनही थोडं कमी उरतं हे लोकांच्या लक्षात आलं, तसे काही जण दीडपट लिहू लागले. मग व्यंकटी त्यांना ओरडला की दीड लिहिणं लबाडी आहे. सव्वा चालतं.

जिलानीभाईंनी पहिल्याच महिन्यात सरळ लिहिलं. व्यंकटीनं सरळ पाव कापलं.

“हे का कापलं?”

“रिवाज हाय भाई.”

“मी वाढवून लिहिलेलंच नाही.”

“मग वाढवून लिहायचं ना! मी काय मना केलं?”

“तू कापतोस म्हणून ते वाढवतात. ते वाढवतात म्हणून तू कापतोस. यात माझं इंजिन कशाला अडकवतो?”

“भाई, तुम्ही एकटे सरळ लिहिणार, तर मला सगळ्यांसाठी एक पेन अन् तुमच्यासाठी दुसरा पेन ठेवावा लागतो. लई कटकट हाय. सव्वा लिहा, मोकळे व्हा.”

जिलानीभाईंचा हात खिशाकडं गेला.

घरी दिलशादनं ऐकून घेतलं. ती शेजारच्या मुलींच्या खानावळीत पोळ्या लाटायची, आणि खानावळवाली तिच्याही पोळ्या मोजताना चुकायची. पण दिलशाद तिथल्या तिथं मोजून घ्यायची, घरी आणायची नाही. ती दखनीत म्हणाली, “दुनिया सव्वा लिखती, तुमकू क्या पडी है जी?”

“मला झोप लागत नाही.”

“झोप लागत नाही ते डासांमुळं.”

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली आणि पट्टीनं तीन रकाने आखले. चालू. हजर. पैसे नाहीत. इंजिन चालतं ती वेळ चालू. वीज आहे, पण जाईल म्हणून इंजिनाजवळ बसून राहायला लावलंय ती वेळ हजर. तिचा दर कमी, पण दर आहे, आणि तो त्यांनी शिवमूर्ती सरांकडून आधीच ठरवून घेतला. तिसरा रकाना का, हे कुणी विचारलं नाही. आणि प्रत्येक ओळीपुढं सही. इंजिन सुरू झालं की वरच्या हॉलमध्ये जो कुणी शिकवत असेल त्याची. बंद झालं की परत त्याचीच.

त्या हॉलमध्ये बहुतेक वेळा सुगत सर असत. सुगत सोनकांबळे, बिलोलीचा मुलगा, पदार्थविज्ञान शिकवायचा. कायम जागा कुठं मिळत नव्हती म्हणून इथं तासावर. बायको धम्मप्रिया लातूरलाच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, एका खोलीत दोघं राहत. सुगत सही करताना गमतीत म्हणायचा, “भाई, परीक्षेत सुपरवायझर एवढ्या सह्या घेत नाहीत.” पण करायचा. खडूचा हात पँटला पुसून नाव लिहायचा, खाली वेळ.

या सह्यांमुळं व्यंकटीची कात्री थांबली. दोन महिने जिलानीभाईंना पूर्ण पैसे मिळाले. भूकंपानंतर पहिल्यांदाच त्यांना वाटलं, साहेबाच्या प्रश्नाला आपण उत्तर दिलं. आणि तिथंच घोटाळा झाला.

त्या महिन्यात वीज अशी काही जायची की सुगतचा तास सुरू झाला की इंजिन सुरू, तास संपला की बंद. शिवमूर्ती सरांनी सहज वही उचलली, चाळली, आणि त्यांना दिसलं की सुगत सरांचा तास पाऊण तासात संपतो. चार वाजता सही, पावणेपाचला सही. पाच वाजता सही, पावणेसहाला सही. तसं ते त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. वेळापत्रक त्यांनीच केलं होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर सहीनिशी दिसणं वेगळं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. यापुढं शिक्षकांचं मानधन घड्याळाच्या तासावर. चार तास घेणाऱ्याला तीनाचे पैसे.

सुगत इंजिनाजवळ आला तेव्हा जिलानीभाई तेल बघत होते.

“भाई, सही माझी, वेळ माझ्या हातानं लिहिलेली, अन् मान बी माझीच कापली.”

जिलानीभाईंना सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते म्हणाले, “पण तुम्ही पाऊण तास शिकवून तास लिहीत होता की नाही?”

“सगळेच लिहितात! तासाला तासच म्हणतात भाई. शाळेत काय म्हणत होता?”

“टँकरवाला पण हेच म्हणतो. सगळेच सव्वा लिहितात.”

सुगतचं तोंड उतरलं. मग लाल झालं. “टँकरवाला? टँकरवाला पाणी ओतून निघून जातो. माझा तास संपला की पोरं जिन्यात अडवतात. सर हे कळलं नाही, सर ते कळलं नाही. ती वेळ कुणी मोजली? पेपरचे गठ्ठे खोलीवर नेऊन तपासतो, धम्मप्रिया बेरजा करते, ती? मधला तास रिकामा असतो, खोलीवर जाऊन परत यायला पुरत नाही, म्हणून कट्ट्यावर बसून राहतो, ती?”

“ती लिहिली कुठं?”

“कुठं लिहायची? त्याला रकानाच न्हाई.”

“रकाना आखायला पट्टी लागते सर. परवानगी लागत नाही.”

हे बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. सुगत म्हणाला, आहे तसं चाललं तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर लातूरचं भाडं निघणार नाही. बिलोलीकडं मामा ज्ञानोबा एका आश्रमशाळेत जागा बघतोय. धम्मप्रियाचं वर्ष जाईल. एवढं सांगून तो वर गेला, कारण पुढच्या तासाची घंटा झाली होती.

त्या रात्री जेवताना जिलानीभाई ताटावर रागावले, पाण्यावर रागावले. दिलशाद म्हणाली, “झालं समाधान? सरळ लिहिलं आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय आला.”

“मी नाही कापलं.”

“वही तुमची.”

“वही खरी आहे!”

“खरी आहे म्हणूनच लागली. खोटी असती तर कुणाला लागली नसती.”

सकाळी ते दुकानातून एक कोरी वही घेऊन सुगतच्या खोलीवर गेले. आत जागा नव्हती म्हणून दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं : आठ दिवस सगळं लिहा. शिकवणं, शंका, पेपर, बसून राहणं. एकाच ढिगात टाकू नका, ज्याचं त्याच्यापुढं. संध्याकाळी आठवून लिहू नका. आठवणीला आपल्या बाजूनं कलायची खोड असते.

“मास्तरनं घड्याळ लावून शिकवायचं का भाई?” सुगतला लाज वाटत होती. “हमालासारखं?”

“हमाल पोती मोजून पैसे घेतो. तुम्ही न मोजता पैसे घालवता. कुणाचं बरं?”

धम्मप्रिया आतून हसली. “अहो, लिहा. नाहीतर भाई इथंच बसतील.”

ते आठ दिवस म्हणजे जिलानीभाईंच्या डोक्याला ताप होता. सुगतला लिहायचं आठवायचं नाही. आठवलं की तो ‘अंदाजे’ असा शब्द घालायचा. अंदाजे हा शब्द वाचला की जिलानीभाईंच्या कानशिलात कळ यायची. एका दिवशी त्यानं पेपर तपासल्याचा सबंध तास लिहिला, आणि मग हळूच कबूल केलं की मध्ये चहाला गेला होता. वर खोडरबर काढलं.

“रबर ठेवा! रेघ मारा. खालचं दिसू द्या.”

“चूक दिसेल की.”

“दिसू द्या. चूक दिसली की बाकीचं खरं वाटतं.”

आठ दिवसांनी दोघं शिवमूर्ती सरांच्या केबिनमध्ये गेले. प्रवेशाचे दिवस होते. खुर्चीवर एक म्हातारी नातीला घेऊन बसली होती, धुरपताबाई, मुखेडकडची. मांडीवर पिशवी, पदराच्या गाठीत फी, हातात क्लासचं चकचकीत पत्रक. नातीनं ते तिला वाचून दाखवलं होतं. सरांनी म्हातारीला थांबायची खूण केली आणि सुगतचा कागद घेतला.

शिवमूर्ती सर वाईट माणूस नव्हते. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनीही उधारीवर खडू आणले होते. पण तीन मजले बांधले की माणूस प्रत्येक कागदाकडं वरून बघायला लागतो.

“शंका सोडवणं हा तास नव्हे,” ते म्हणाले. “पेपर हा तास नव्हे. बसून राहणं तर नव्हेच. साठ मिनिटं शिकवलं की एक तास. सुगत सर, हे मी माझ्या मनानं म्हणत नाही. आपल्या जिलानीभाईंच्या वहीवरूनच शिकलो.”

ते हसत होते. जिलानीभाईंचा हात खिशाकडं गेला, पण आठ दिवस लिहायला दिलेली पेन्सिल अजून सुगतकडंच होती. मोकळा हात हवेत राहिला, आणि मग त्या हातानं त्यांनी म्हातारीच्या हातातलं पत्रकच ओढून घेतलं.

“मग हे? ‘दररोज सहा तास मार्गदर्शन.’ हे साठ मिनिटांचे आहेत का? नाहीत! पोराला द्यायचा तो तास पाऊण, मास्तरला मोजायचा तो साठ! हा कुठला तास आहे सर? शेतातला?”

“म्हंजी?” धुरपताबाई म्हणाली. “सा तास न्हाईत का?”

“आहेत आजी, आहेत. सहाच आहेत.”

“मग हे दादा काय म्हनून राहिले?”

“शाळेतला तास पाऊण तासाचाच असतो आजी. सगळीकडं.”

“आमच्याकडं सा तास म्हंजी एवढुसं रान. त्याला बैल बी दमत न्हाई.” तिनं नातीकडं पाहिलं. नात पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होती. म्हातारीनं पदराची सैल झालेली गाठ परत आवळली. “तुमचं ठरू द्या बाबा आधी. मी बसते.”

आणि ती बसली. तिला काही सिद्ध करायचं नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं. पण दाराबाहेर आणखी पालक उभे होते, दार उघडं होतं, आणि गाठ आवळलेली सगळ्यांनी पाहिली.

शिवमूर्ती सरांनी बोटांत पेन फिरवला. मग पत्रक पुढं ओढलं. ‘सहा तास’मधल्या तासाला त्यांनी एक वेलांटी दिली आणि पुढं एक अक्षर जोडलं. तासिका. बाजूला बारीक लिहिलं, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं. “हे व्यंकटीला द्या, परत छापू द्या.” मग सुगतच्या कागदावर तेच लिहिलं. दर तासिकेला, पूर्वीचाच. पेपरचे गठ्ठ्यावर वेगळे. शंकांचं रोज थोडं धरू. “बसून राहायचं मात्र मी देणार नाही सर. ते वेळापत्रकच बदलून टाकतो. मधे रिकामं ठेवणार नाही तुम्हाला.”

सुगतनं मान हलवली. त्याला वाटलं होतं त्याहून हे जास्त होतं.

जिलानीभाईंना मात्र आनंद झाला नाही. एक वेलांटी आणि एक अक्षर! एवढ्यासाठी एका माणसाचं बिऱ्हाड मोडायला निघालं होतं, आणि तो शब्द शाळेच्या प्रत्येक वेळापत्रकावर पहिल्यापासून छापलेला असतो. तिथं खुर्च्यांवर बसलेल्या कुणालाच आठवला नाही. त्यांनाही नाही.

“मग पैशे बी पाऊणच का?” धुरपताबाईनं विचारलं.

सर हसले, आणि हसण्याच्या भरात थोडी फी कमी केली. म्हातारीनं गाठ सोडली.

दोघं बाहेर पडत होते तेव्हा सरांनी जिलानीभाईंना थांबवलं. आवाज शांत होता. “भाई, पुढच्या महिन्यापासून आपण आपलंच जनरेटर घेतोय. तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. हिशेब सोपा पडतो, एवढंच.”

दिलशाद घरी म्हणाली, “मास्तरचा तास वाचला, तुमचा गेला.” मग ताटात वाढताना म्हणाली, “बसा जेवायला. दवाखानेवाला जैन सकाळी विचारून गेला, इंजिन रिकामं आहे का म्हणून. मी सांगितलं, आहे, पण माणूस कटकटी आहे.”

शेवटच्या दिवशी इंजिन उचलायला टेंपो यायचा होता. सुगत शंका सोडवत वर थांबला आणि वीज गेली. बिलाचा महिना संपला होता. जिलानीभाईंनी दांडा फिरवला, पंखे सुरू झाले. खाली आल्यावर सुगतनं स्वतःहून वही मागितली आणि तिसऱ्या रकान्यात सही केली. पैसे नाहीत. त्यानं विचारलं, हा रकाना तुम्ही कधीपासून ठेवता? जिलानीभाई म्हणाले, “जुना आहे,” आणि टेंपोवाल्यावर ओरडायला गेले, कारण तो उशिरा आला होता.

नवं जनरेटर चकचकीत होतं, पिवळ्या रंगाचं. दीड महिन्यात बसलं. भर दुपारी व्यंकटी सायकल मारत दवाखान्यामागं आला. “भाई, चला. पोरं भाजून राहिलीत. सरांनीच बोलावलंय.”

“तू पुढं हो.”

ते पोचले तर जनरेटरच्या खोलीला कुलूप, आणि व्यंकटी गायब. वर पत्र्याखाली सुगतचा आवाज येत होता, पंख्याविना, घसा ताणून. पण येत होता. जिलानीभाई पायरीवर बसले. व्यंकटी आला तेव्हा त्याचे ओठ ताजे लाल होते. दोष मोठा नव्हता. अब्बांच्या त्या शेतकऱ्यासारखाच, नळीत कचरा. वर पंखे फिरले, पोरांनी ओरडा केला, सुगतनं त्यांना गप्प केलं.

खिडकीशी जिलानीभाईंनी बिल दिलं. तीन ओळी. येणं, बसणं, दुरुस्ती. प्रत्येकीपुढं वेळ. व्यंकटीनं सवयीनं लाल पेन उघडला आणि मधल्या ओळीवर टेकवला.

“बसलात त्याचे कशाचे पैसे भाई?”

“किल्ली कुणाकडं होती?”

“माझ्याकडंच. जरा पान खायला गेलतो.”

“मग कापू नकोस. पुढं लिही. व्यंकटी पान खायला गेला होता.”

“भाई! सर बघतेत हे कागद.”

“म्हणूनच.”

व्यंकटीनं आत केबिनकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. मग त्यानं लाल पेन ठेवला, निळा घेतला, आणि मधल्या ओळीपुढं लिहिलं, ‘बसणं मान्य.’ खाली सही केली. जिलानीभाईंचं बघून असेल, सहीखाली बसण्याची वेळही लिहिली, अमुकपासून अमुकपर्यंत.

जिलानीभाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. व्यंकटीनं पाच मिनिटं जास्त लिहिली होती.

“निळा पेन दे इकडं,” ते वैतागून म्हणाले, आणि त्या पाच मिनिटांवर रेघ मारली. खालचं दिसेल अशी.